व्हेग्रेव्हिलची पिसांका : एका लहान गावाचे शताब्दी-शिल्प आणि विद्यापीठाचा एक विभाग

शताब्दी, सुवर्णमहोत्सव अशा प्रसंगी गावाने एखादे स्मारक उभारावे, ही प्रथा बहुतेक देशांत आढळते. अशा स्मारकांची वाटचाल बहुधा ठरलेली असते. समिती नेमली जाते, वर्गणी गोळा होते, मूर्तिकाराला काम सांगितले जाते आणि यथाकाळ अनावरण होते. पुढे काही वर्षांनी स्मारक उभे राहते. पण प्रसंग कोणाच्याही ध्यानात राहत नाही. हे काम विद्यापीठातील अध्यापक आणि विद्यार्थी यांच्याकडे सोपविले गेले, तर या वाटचालीत काही फरक पडतो काय, आणि पडत असल्यास तो कशामुळे, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे. त्या दृष्टीने कॅनडातील व्हेग्रेव्हिल या गावाचे १९७५ मधील शिल्प अभ्यासनीय आहे. त्याच्यात एका स्थलांतरित समाजाची स्मृती, एका पोलीसदलाची शताब्दी आणि भूमितीतील एक कठीण प्रश्न अशा तीन भिन्न गोष्टी एकत्र आल्या आहेत.

१. गाव व प्रसंग

व्हेग्रेव्हिल हे अल्बर्टा प्रांताची राजधानी एडमंटन हिच्या पूर्वेस सुमारे १०० किलोमीटरांवर वसलेले आहे. त्याची लोकसंख्या आजही सहा हजारांच्या आत आहे. गावाला व्हेग्रेव्हिल या फ्रेंच मिशनरी धर्मगुरूंचे नाव असले, तरी आसमंतातील वस्तीवर ठसा आहे तो युक्रेनियन शेतकऱ्यांचा. १८९१ मध्ये इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनिआक हे दोघे गॅलिशियातून कॅनडात आले. त्यांच्या मागोमाग गॅलिशिया आणि बुकोव्हिना या, त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात असलेल्या प्रदेशांतून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे १,७०,००० लोक कॅनडात स्थायिक झाले. १० डॉलर नोंदणी-शुल्कात १६० एकर जमीन, हे त्यांचे मुख्य आकर्षण होते. परंतु ती जमीन झाडाझुडपांनी भरलेली होती, आणि पहिला हिवाळा अनेकांना जमिनीत खोदलेल्या खोपटात काढावा लागला.

याच प्रदेशाचा दुसरा एक इतिहास पोलीसदलाचा आहे. नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस या घोडेस्वार दलाची स्थापना १८७३ मध्ये झाली. १८७४ मध्ये या दलाने पश्चिमेकडे दीर्घ कूच करून आजच्या अल्बर्टाच्या भूमीवर पहिले ठाणे वसविले. हेच दल १९२० पासून रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या नावाने ओळखले जाते. या आगमनाला १९७४ मध्ये शंभर वर्षे झाली, तेव्हा प्रांताने शताब्दीचा उत्सव ठरविला आणि गावोगावी स्मारकांच्या योजना पुढे आल्या. व्हेग्रेव्हिलमध्ये व्यापारी मंडळाने पुढाकार घेतला.

अशा वेळी घोड्यावर बसलेल्या शिपायाचा पुतळा ही सर्वांत सोपी कल्पना ठरली असती. गावाने तसे केले नाही. पोलीसदलाच्या शताब्दीनिमित्त त्याने निवडली एक प्रचंड पिसांका, म्हणजे युक्रेनियन ईस्टरचे नक्षीदार अंडे.

२. 'लिहिलेले' अंडे

पिसांका या शब्दाचे मूळ 'पिसाती' म्हणजे लिहिणे या धातूत आहे. युक्रेनियन परंपरेत असे अंडे 'रंगवीत' नाहीत, ते 'लिहितात'. किस्तका नावाच्या बारीक नळीच्या लेखणीत वितळलेले मेण घेऊन अंड्याच्या कवचावर रेषा काढतात आणि अंडे फिकट रंगात बुडवितात. जो भाग त्या रंगाचा राहावा असे वाटते, त्यावर पुन्हा मेण लिहून अंडे त्याहून गडद रंगात बुडविले जाते. अखेरीस ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढले, की सर्व थर एकदम प्रकट होतात. बाटिकच्या कापडाला लागू असलेले तत्त्वच येथे वापरलेले असते. तारा, त्रिकोण, पट्टा, लांडग्याचे दात अशी प्रत्येक आकृती अर्थवाही मानली जाते. २०२४ मध्ये युनेस्कोने या कलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

व्हेग्रेव्हिलच्या अंड्याची नक्षी पॉल मॅक्सम सेम्बाल्युक या कलावंताने योजली. सोनेरी, रुपेरी आणि ब्राँझ एवढेच रंग तीत आहेत. ब्राँझचा रंग वसाहतकारांनी कसलेल्या मातीचा निदर्शक आहे. किरणांकित सोनेरी तारा जीवन व सुदैव सुचवितो, तर त्रिकोणी तारे ख्रिस्ती त्रैक्यावरील श्रद्धा. आदि-अंत नसलेला रुपेरी पट्टा शाश्वतता दर्शवितो, आणि पवनचक्कीच्या सहा पात्यांची आकृती भरघोस पीक. मध्यभागी पट्ट्याकडून आत वळलेले रुपेरी 'लांडग्याचे दात' आहेत. पोलीसदलाने आद्य वसाहतकारांना दिलेल्या संरक्षणाचे ते चिन्ह होय. शताब्दीचा निर्देश शिल्पात आहे तो एवढाच; आणि तोही पोलिसांच्या भाषेत नसून, ज्यांना संरक्षण मिळाले असे म्हटले आहे त्यांच्या लिपीत आहे.

३. प्रश्नाचे स्वरूप

हातात मावणारे अंडे लिहिणे आणि २५.७ फूट लांबीचे, १८ फूट रुंदीचे अंडे धातूत घडविणे, या दोन गोष्टींत केवळ प्रमाणाचा फरक नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा सपाट मिळतो, तर अंड्याचा पृष्ठभाग प्रत्येक ठिकाणी दोन्ही दिशांना वळलेला असतो. कार्ल फ्रीडरिख गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केले, की ज्या पृष्ठभागाची वक्रता शून्य आहे त्याला न ताणता वा न चुरगळता कितीही वळविले, तरी त्याची ही वक्रता बदलत नाही. म्हणून सपाट कागदाचे नळकांडे होते, शंकू होतो, पण चेंडू होत नाही. उलट बाजूने पाहता, संत्र्याची साल फाटल्याविना टेबलावर सपाट बसत नाही, त्याचेही कारण हेच.

या अडचणीवर परंपरेने एक उत्तर दिलेलेच आहे. तांबट सपाट पत्र्यापासून घागर घडवितो तेव्हा तो हातोडीने धातू ठोकून ताणतो. पत्र्यातील अंतरेच बदलत असल्याने गाउसच्या सिद्धान्ताची अट तेथे लागू होत नाही. परंतु घरभर उंचीचे अंडे असे ठोकून घडविणे खर्चाच्या आणि वेळेच्या मानाने अशक्यप्राय होते. शिवाय आधीच रंग चढविलेला पत्रा ताणला, तर त्या रंगाच्या थराला तडे जाण्याचे भय. दुसरा मार्ग उरतो तो असा : पृष्ठभागाचे लहान लहान सपाट तुकडे करावेत आणि सर्व वक्रता त्यांच्या सांध्यांत व कोपऱ्यांत साठवावी.

हे काम युटा विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक रोनाल्ड रेश यांनी स्वीकारले. रेश मूळचे कलाशिक्षण घेतलेले होते. कागदाच्या नियमित घड्यांपासून वक्र पृष्ठ कसे निर्माण होते, याचा त्यांनी १९६० च्या दशकात सखोल अभ्यास केला होता. तरीही प्रारंभीच एक अडचण उभी राहिली. दकार्त आणि कासिनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंडाकृती वक्ररेषा गणितात जुन्या आहेत. पण कोंबडीच्या अंड्याशी डोळ्याला पटेल असे साम्य राखणारे, आणि त्याच वेळी मोजक्या प्रकारच्या तुकड्यांनी मढविता येईल असे पृष्ठ ग्रंथांतून उचलून घेता येत नव्हते. ते नव्याने रचावे लागले. स्मारकाचे काम संशोधनाचे काम झाले ते या ठिकाणी.

४. त्रिकोण आणि तारे

रेश यांच्या रचनेत दोनच प्रकारचे तुकडे आहेत. एक प्रकार २,२०८ समभुज त्रिकोणांचा. हे सर्व एकाच मापाचे आहेत. दुसरा प्रकार ५२४ त्रिकोणी ताऱ्यांचा. हा तारा म्हणजे सहा समान बाजूंचा, परंतु तीन ठिकाणी आत खचलेला षट्कोन होय. ताऱ्याची बाजू त्रिकोणाच्या बाजूएवढीच असते. बदलते ती त्याची रुंदी. अंड्याच्या ज्या भागात तारा बसावयाचा, त्यानुसार तो अरुंद वा रुंद होतो.

या योजनेचे मर्म थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होते. कोणत्याही षट्कोनाच्या आतील कोनांची बेरीज ७२० अंश असते. ताऱ्याला तीन सारखी टोके व तीन सारख्या खाचा असल्याने एक टोक आणि एक खाच मिळून नेहमी २४० अंश होतात. तारा अरुंद झाला की टोकाचा कोन घटतो, आणि खाचेचा कोन तितकाच वाढतो. समजा, एका बिंदूपाशी एका ताऱ्याचे टोक, शेजारच्या ताऱ्याची खाच आणि दोन समभुज त्रिकोण एकत्र आले. त्रिकोणांचे १२० आणि ताऱ्यांचे २४० मिळून बरोबर ३६० अंश होतात, आणि मांडणी सपाट राहते. दोन्ही तारे सारखे असतील तोवर त्यांची रुंदी काहीही असली, तरी हे खरे ठरते.

आता शेजारचे तारे किंचित भिन्न रुंदीचे घ्यावेत. एकाचे टोक आणि दुसऱ्याची खाच यांची बेरीज २४० होणार नाही. ती कमी पडली, तर त्या बिंदूपाशी एकूण कोन ३६० अंशांहून कमी भरतो. आणि अशी तूट पडली की पृष्ठभाग फुगवटा घेतल्याविना जुळूच शकत नाही. म्हणजे वक्रता कोणत्याही एका तुकड्यात नसून, एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत होणाऱ्या सूक्ष्म बदलात असते. त्रिकोण बदलावे लागत नाहीत आणि बाजूंची लांबीही बदलावी लागत नाही. एकसारख्या तुकड्यांच्या शिस्तीतून अनियमित वाटणारा गोलावा निघतो, तो या तत्त्वाने.

या तुटीलाही नियम आहे. दकार्त यांनी दाखविल्याप्रमाणे गोलाप्रमाणे बंद असलेल्या कोणत्याही बहुपृष्ठकाच्या सर्व कोपऱ्यांवरील तुटींची बेरीज ७२० अंशच भरते, मग तो घन असो वा अंडे. व्हेग्रेव्हिलच्या अंड्यात सर्व तुकडे बाजूला बाजू लावून बसले आहेत असे धरल्यास, २,२०८ त्रिकोणांच्या ६,६२४ आणि ५२४ ताऱ्यांच्या ३,१४४ बाजू मिळून ४,८८४ सांधे होतात. आणि ऑयलरच्या सूत्रावरून कोपऱ्यांची संख्या २,१५४ येते. ७२० अंश त्यांत वाटले, तर एका कोपऱ्याच्या वाट्याला सरासरीने सुमारे एक-तृतीयांश अंशाची तूट येते. अर्थात ही वाटणी समान नसते. अंड्याचा मधला भाग जवळजवळ नळकांड्यासारखा, तर टोके अधिक गोल असतात. त्यानुसार शेजारच्या तुकड्यांमधील सांध्याचा कोन मध्यभागी एका अंशाहूनही कमी असून टोकांकडे तो सुमारे ७ अंशांपर्यंत वाढत जातो. अंशाच्या अपूर्णांकांचा हा हिशेब हातातील पट्टी-कंपासाने सांभाळणे कठीण आहे. आणि एका ठिकाणी झालेली चूक फेरा पूर्ण होईपर्यंत वाढत जाऊन शेवटचा तुकडा बसूच देत नाही.

५. विद्यार्थ्यांचा सहभाग

प्रत्येक ताऱ्याचा आकार व प्रत्येक सांध्याचा कोन संगणकाने काढून देणे हाच यावर उपाय होता. त्यासाठी आज्ञावली तयार करण्याच्या कामी रेश यांना त्यांच्या विभागातील विद्यार्थ्यांचे साहाय्य लाभले. रॉबर्ट मॅकडर्मट हे त्यांपैकी एक. हा विभाग त्या काळी कोणत्या प्रश्नात गुंतलेला होता, हे पाहिले म्हणजे हा सहभाग योगायोगाचा नव्हता हे कळून येते.

डेव्हिड एव्हन्स यांनी १९६५ पासून युटा येथे उभारलेल्या या विभागात १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड येऊन मिळाले, आणि संगणकाने चित्र कसे काढावे हा तेथील मुख्य विषय बनला. वक्र वस्तू सपाट बहुभुजांत मोडून दाखवावयाची. मग त्या बहुभुजांच्या कडा डोळ्याला खुपू नयेत म्हणून छायाप्रकाश हळूहळू बदलत न्यावयाचा, ही पद्धत आंरी गूरो या विद्यार्थ्याने १९७१ मध्ये मांडली. बुइ तुओंग फोंग यांनी तीत १९७३ मध्ये सुधारणा केली. एडविन कॅटमल यांनी वक्र पृष्ठांवरील आपला प्रबंध १९७४ मध्ये पूर्ण केला. पुढे जगभर चाचणीची प्रतिमा म्हणून वापरली गेलेली मार्टिन न्यूएल यांची चहाची किटली १९७५ मधील, म्हणजे अंड्याच्याच वर्षाची आहे.

व्हेग्रेव्हिलचे अंडे हा त्याच प्रश्नाचा दुसरा पैलू होता. पडद्यावरील वस्तूत तुकड्यांचे सांधे छायेने झाकता येतात. धातूच्या वस्तूत असे काहीच झाकता येत नाही. तुकडा बसतो किंवा बसत नाही. पडद्यावर अर्ध्या अंशाची चूक कोणाला दिसणारही नाही, पण बोल्टाचे छिद्र छिद्रासमोर न आल्यास काम तेथेच थांबते. ज्या विद्यार्थ्यांचे शिक्षण आकड्यांतून चित्राकडे जाण्याचे होते, त्यांच्या आकड्यांची परीक्षा येथे पाना आणि नट यांनी घेतली. प्रबंधाच्या परीक्षकाहून ही परीक्षा निराळी आहे. तीत स्पष्टीकरणाला वाव नाही.

जुळवणी स्वतः रेश यांच्या देखरेखीखाली झाली. कवच जोडण्यास ६,९७८ नट-बोल्ट लागले, आणि ते आतून तोलून धरण्यासाठी १७७ आधारदांडे बसविण्यात आले. तयार झालेल्या अंड्याचे वजन सुमारे २,२७० किलोग्रॅम आहे. ते ज्या बैठकीवर आहे तिचे वजन सुमारे १२,२०० किलोग्रॅम भरते. बैठकीसह शिल्पाची उंची ३१ फुटांपर्यंत जाते. अंडे आडवे असून कललेल्या स्थितीत खिळीवर बसविलेले आहे, आणि वातकुक्कुटाप्रमाणे ते वाऱ्याच्या दिशेने फिरते. मैदानी प्रदेशातील वाऱ्याला तोंड देण्याऐवजी त्याच्याशी जुळवून घेण्याची ही युक्ती शिल्पाला जडपणापासून वाचविते.

६. स्मारक काय सांगते आणि काय सांगत नाही

येथवर या शिल्पाच्या घडणीचा विचार झाला. परंतु स्मारकाचे मूल्य केवळ घडणीने ठरत नाही. लांडग्याच्या दातांतून जे 'संरक्षण' सूचित केले आहे, त्याला इतिहासाची दुसरी बाजूही आहे. पहिले महायुद्ध सुरू होताच ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले हे वसाहतकार कॅनडाच्या कायद्याने 'शत्रुदेशीय परके' ठरले. १९१४ ते १९२० या काळात ८,५७९ व्यक्तींना स्थानबद्धतेच्या छावण्यांत ठेवण्यात आले, आणि त्यांत युक्रेनियनांचा भरणा मोठा होता. बॅन्फ आणि जॅस्पर या अल्बर्टातील राष्ट्रीय उद्यानांतही अशा छावण्या होत्या. याखेरीज सुमारे ८०,००० लोकांना नोंदणी करून पोलिसांकडे वा अन्य अधिकाऱ्यांकडे ठराविक काळाने हजेरी द्यावी लागे. या घटनेची दखल घेणारा कायदा कॅनडाच्या संसदेने २००५ मध्ये केला, म्हणजे शिल्प उभे राहिल्यानंतर तीस वर्षांनी.

शिल्पाच्या चिन्हांत या कालखंडाला स्थान नाही. यावरून शिल्प असत्य बोलते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उत्सवी स्मारक कृतज्ञतेच्या प्रसंगी उभे राहते, आणि कृतज्ञतेची भाषा निवडक असते. तथापि, गावाने निवडलेल्या रूपाचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक खोल होतो. ज्या समाजाची भाषा व चालीरीती एकेकाळी संशयाचे कारण ठरल्या होत्या, त्याने सरकारी दलाच्या शताब्दीला आपल्या घरातील ईस्टरचे अंडे गावाच्या प्रवेशाशी चारचौघांत आणून ठेवले. ऑक्टोबर १९७१ मध्ये पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी बहुसांस्कृतिकता हे राष्ट्रीय धोरण म्हणून जाहीर केले होते. त्यानंतर चार वर्षांतच हे शिल्प उभे राहिले, हा क्रमही लक्षणीय आहे. आभार मानणाऱ्याने आभाराबरोबर आपली सहीही केली, असे या शिल्पाविषयी म्हणता येते.

काळाने प्रसंग आणि रूप यांच्यातील नातेही उलटविले आहे. रस्त्याने जाणारा प्रवासी हे शिल्प पाहण्यास थांबतो तो अंड्यासाठी. पोलीसदलाची शताब्दी त्याला फलकावरून कळते. आरंभी सांगितलेला नियम, की स्मारक राहते व प्रसंग विसरला जातो, येथेही लागू पडला आहे. फरक एवढाच, की प्रसंग गेल्यावर जे उरले ते रिकामे राहिले नाही. गावातील युक्रेनियन परंपरेचे ते ओळखचिन्ह झाले. आणि गणिताच्या अभ्यासकाला ते सपाट तुकड्यांपासून वक्र पृष्ठ घडविण्याचे, हाताने स्पर्श करून पाहता येईल असे उदाहरण झाले.

विद्यापीठीय विभागांच्या दृष्टीने यातून निघणारा बोध माफक, पण निश्चित आहे. गावाचे स्मारक करून देणे ही विद्यार्थ्यांसाठी केवळ समाजसेवा किंवा हस्तकौशल्याचा सराव असण्याचे कारण नाही. मागणी अशी असावी, की उपलब्ध ज्ञानाने ती पुरी होऊ नये. रूप असे असावे, की ते गावाने स्वतःच्या परंपरेतून दिलेले असावे. आणि मुदत व द्रव्य अशी असावीत, की चुकीला लपण्यास जागा राहू नये. व्हेग्रेव्हिलमध्ये या तिन्ही अटी एकत्र आल्या. गावाने विभागाला सोपे काम दिले असते, तर गावाला एक पुतळा मिळाला असता आणि विभागाला काहीच मिळाले नसते.